उजव्या बाजूचा आरसा

पळताना गप्प असतो.
गाडी थांबली, गिअर न्यूट्रलला आला
की सुरू होतं त्याचं.
शिवडीच्या सिग्नलला मागची एक बस
दोन होते, मग दीड,
मग नुसताच लाल रंग, पाण्यात सांडलेला.
बसच्या कडेचा मोटारसायकलवाला तर दिसतच नाही,
आहे असं समजून चालायचं.

पहाटे चारला माझगावच्या बेकरीतून निघतो मी.
छोटा हत्ती, अठ्ठेचाळीस ट्रे, गरम पाव,
मागच्या ताडपत्रीला आतून घाम.
त्या वेळी रस्ता रिकामा, आरसा शहाणा.
सातनंतर सिग्नल जागे होतात
आणि माझ्या मागचं जग
पाटावर पसरलेल्या साबुदाण्यासारखं उड्या मारू लागतं.

उपाय केले की.
आधी हात बाहेर काढून दोन बोटांनी दाबून धरायचो,
सिग्नल सुटेपर्यंत.
मग दुधाच्या पिशवीची घडी खाचेत कोंबली.
मग काडेपेटीचं पुठ्ठं.
मग शैलाचं केसांचं रबर, लाल,
तिला न विचारता.
शेवटी एम-सील थापलं, तर आरसा
वरच बघत घट्ट झाला.
तीन दिवस मला मागे फक्त कबुतरं दिसली.

दारूखान्यात पटवेकर मेस्त्रींनी
आरशाला हातच लावला नाही.
माझी सीट उचलली,
धडधडत्या इंजिनाशेजारी पंजा टेकला,
ताप आलेल्या पोराच्या पोटाला लावतात तसा,
आणि डोळे मिटले.
"तेंडोलकर, आरसा बराय तुझा.
खाली माउंटिंगचं रबर संपलंय.
इंजिन कुडकुडतंय.
हा बिचारा बाहेर टांगलेला, म्हणून बोंबलतोय."

किती?
त्यांनी आकडा सांगितला.
मी रस्त्याकडे बघत राहिलो.
एका मोडीत काढलेल्या जहाजाचं दार
हातगाडीवरून चाललं होतं, गोल काचेसकट,
आणि त्या काचेतून पलीकडचा चहावाला दिसत होता,
स्वच्छ, एकच.

मेस्त्रींनी परत विचारलं नाही.
कबुतरांवाला एम-सील छिन्नीनं उडवला,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला,
बोल्ट सैल करून मध्ये सरकवला, वॉशर घातले.
मी पाना घेऊन पुढे झालो तर म्हणाले,
"बस. फार आवळलंस तर रबर मरतं."
पैसे?
"उद्या चार लाद्या टाकून जा.
पण ऐक, थरथर मरत नाही. खोली बदलते."

दुसऱ्या दिवशी शिवडीला बस एकच होती.
मोटारसायकलवालाही दिसला.
बाई निघाली.
पुढे टाकीवर एक मुलगी बसवलेली,
बूट घातलेले, डोळे मिटलेले,
आणि मी इतके महिने
अंदाजानं डावीकडे सरकत होतो.

आठवड्यात गिअरचा दांडा गुणगुणू लागला.
मग डॅशबोर्डवरची काडेपेटी चालू लागली,
निघताना कोपऱ्यात, वडाळ्याला पोचेपर्यंत मधोमध.
रात्री जेवताना शैलानं विचारलं,
पाणी पिताना पेला का वाजतोय दातांवर?
म्हटलं, एक तारखेनंतर बघू.
ती काही बोलली नाही.
जरा वेळानं म्हणाली,
माझं लाल रबर कुठाय?

आज सिग्नलला सवयीनं हात बाहेर गेला.
दोन बोटं आरशावर.
आरसा शांत. बोटंच हलत होती.
शेजारच्या टॅक्सीवाल्याला वाटलं
मी त्याला ओळख दाखवतोय.
त्यानंही हात केला,
आणि मग सिग्नल सुटेपर्यंत
आम्हा दोघांना काहीतरी बोलावं लागलं.